अवघड जागेचे दुखणे

रोड बाइक, म्हणजे रस्त्यावर वेगाने पळवायची हलकी सायकल, चालवणारी चार माणसे एकत्र आली की गिअर, ब्रेक आणि टायरमधल्या हवेच्या दाबाविषयी तासन्‌तास बोलतात. टायरची रुंदी २५ मिलिमीटर असावी की २८, यावरून हमरीतुमरीवरही येतात. सॅडलचा, म्हणजे सायकलच्या सीटचा, विषय निघाला की मात्र आवाज खाली येतो, शब्द चाचपडू लागतात आणि ‘जरा टोचते’ एवढ्यावर प्रकरण मिटते. ‘अवघड जागी दुखणे आणि जावई डॉक्टर’ या म्हणीतली अडचण हीच आहे: नेमके कुठे दुखते हे सांगितल्याशिवाय उपाय सापडत नाही, आणि नेमके सांगायला जीभ वळत नाही. मग अनेक जण मुकाट्याने सोसत राहतात आणि सायकल म्हटली की एवढे सोसायचेच, अशी स्वतःची समजूत घालतात. या समजुतीपायी कितीतरी चांगल्या सायकली भिंतीला टेकून धूळ खात उभ्या आहेत.

नवे सॅडल निवडताना बहुतेकांचा पहिला हात, किंबहुना पहिला अंगठा, त्याच्या गादीवर जातो. दाबून पाहायचे, अंगठा आत गेला तर मऊ, मऊ असेल तर सुखाचे आणि वर जेलचा जाड थर असेल तर अधिकच सुखाचे, असे हे सरळ गणित आहे. पहिल्या दहा मिनिटांपुरते ते खरेही ठरते, आणि दुकानासमोर एक चक्कर मारून यायला तेवढाही वेळ लागत नाही, म्हणून मऊ सॅडल हातोहात खपते. खरा हिशेब तासाभराने सुरू होतो. कंबरेच्या सांगाड्याच्या तळाशी उजवीकडे व डावीकडे दोन बोथट हाडे असतात; टणक बाकावर ताठ बसल्यावर जी जाणवतात तीच ही हाडे. बसलेल्या शरीराचा भार त्यांनीच पेलायचा असतो. गादी फार मऊ असली की ती हळूहळू रुतत जातात आणि दोहोंच्या मधला गादीचा भाग वर फुगून नेमक्या त्या नाजूक जागेवर दाबतो, जिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा येतो. रोज लांब पल्ला मारणारी मंडळी पातळ, टणक गादीचे सॅडल पसंत करतात ते काही विरक्ती आली म्हणून नव्हे. हाडांना टेकायला घट्ट जागा मिळाली की मधला भाग मोकळा राहतो, हे त्यांना अनुभवाने कळलेले असते. अंगठ्याची साक्ष या खटल्यात मुळीच ग्राह्य धरू नये, असे माझे मत आहे.

साक्ष घ्यायचीच तर ती त्या दोन हाडांची घ्यावी, आणि ती घरबसल्या घेता येते. पन्हळी पुठ्ठ्याचा एक तुकडा टणक स्टुलावर ठेवावा, पातळ कपड्यांत त्यावर बसावे, टाचा उचलून गुडघे थोडे वर घ्यावेत, पुढे किंचित झुकावे आणि स्टुलाची कड हातांनी धरून स्वतःला मिनिटभर खाली ओढून धरावे. उठल्यावर पुठ्ठा खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात धरला की दोन उथळ, लांबट खळगे दिसतात. दिसले नाहीत तर बोटांच्या टोकांना जाणवतात. प्रत्येकाच्या मध्यावर पेन्सिलीने खूण करून दोन खुणांमधले अंतर मोजावे. बहुतेक प्रौढांमध्ये ते दहा ते पंधरा सेंटिमीटरच्या दरम्यान भरते. त्यात साधारण दोन-तीन सेंटिमीटर मिळवले की सॅडलची रुंदी कितीच्या आसपास असावी याचा अंदाज येतो, कारण हाडांनी सॅडलच्या कडेवर नव्हे तर सपाट भागावर टेकायला हवे. स्त्रियांमध्ये हे अंतर सरासरीने थोडे जास्त असते. तरी सडपातळ पुरुषाची हाडे दूर आणि आडव्या बांध्याच्या बाईची जवळ, असेही सर्रास आढळते. माणसाच्या जाडीवरून या हाडांमधले अंतर कळत नाही. म्हणूनच ‘मी वापरतो तेच घे, लोण्यासारखे आहे’ हा मित्राचा सल्ला कितीही प्रेमाने दिलेला असला तरी तो दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून चालण्यासारखा आहे.

रुंदी कळली तरी काम निम्मेच झालेले असते. बाजारहाटाच्या सायकलवर माणूस ताठ बसतो, म्हणून तिचे सॅडल ऐसपैस असते. रोड बाइकवर तो हँडलकडे वाकतो, तेव्हा कंबरेचा सांगाडाही पुढे कलतो आणि भार त्या दोन हाडांवरून पुढच्या, एकमेकींजवळ येत जाणाऱ्या कडांवर सरकतो. म्हणजे जो जितका खाली वाकतो, त्याला तितके अरुंद सॅडल चालते आणि तितकीच मधल्या मोकळ्या जागेची गरज वाढते. अलीकडच्या बहुतेक सॅडलांच्या मध्यभागी जी लांबट फट किंवा खोलगट पन्हळ दिसते, ती याचसाठी असते. सॅडलचे नाक, म्हणजे पुढचे निमुळते टोक, तेही आखूड झाले आहे: पूर्वीचे सॅडल २७ ते २८ सेंटिमीटर लांब असे, आताची पुष्कळशी २४ ते २५ सेंटिमीटरची असतात. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या नियमाप्रमाणे शर्यतीतल्या सॅडलची लांबी किमान २४ आणि जास्तीत जास्त ३० सेंटिमीटर असावी लागते, त्यामुळे आखूड नाकाच्या या चढाओढीला तिथे तरी एक कुंपण आहे. पोहणे, सायकल आणि धावणे अशी तिहेरी शर्यत करणारे ट्रायथलॉनवाले या कुंपणाबाहेर जातात. त्यांच्यापैकी अनेकांच्या सॅडलला नाक जवळजवळ नसतेच.

हे सगळे फोम, जेल आणि प्लास्टिकच्या जगातले झाले. त्याआधी चामडे होते, आणि अजूनही आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात १८६६ मध्ये घोड्यांचे चामडी साज बनवण्यासाठी सुरू झालेल्या ब्रूक्स या कंपनीची अशी कथा सांगितली जाते, की मालकाचा घोडा मेला, त्याने कामावर जाण्यासाठी सायकल धरली आणि तिची बैठक इतकी त्रासदायक निघाली की तो स्वतःच चांगली बैठक बनवायच्या मागे लागला. कथेत तिखटमीठ किती आहे कोण जाणे, पण १८८२ मध्ये त्याने सॅडलचे पेटंट घेतले हे खरे. त्या परंपरेतल्या सॅडलमध्ये गादी नावाची गोष्टच नसते. जाड चामड्याचा एकच तुकडा लोखंडी सांगाड्यावर ताणून बसवलेला असतो आणि नाकाखालचा बोल्ट फिरवून तो पुन्हा ताणता येतो. नवे असताना ते पाटासारखे कडक असते. शेकडो किलोमीटर बसल्यावर त्यावर मालकाच्या हाडांचे दोन खळगे उमटतात, अगदी पुठ्ठ्यावर उमटले होते तसेच, फक्त कायमचे. ते वजनदार असते, पावसात भिजवून चालत नाही आणि शर्यतवाले त्याकडे ढुंकून पाहत नाहीत. तरीही लांबच्या सफरी करणाऱ्यांची त्यावर श्रद्धा आहे आणि मला ती समजू शकते. दुसऱ्या टोकाला २०२० पासून बाजारात आलेली थ्री-डी छपाईची सॅडले आहेत. त्यांत फोमच्या जागी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिचा टणकपणा जागोजागी वेगळा ठेवता येतो. कल्पना उत्तम आहे, फक्त साध्या सायकलवर ते बसवले तर नाकापेक्षा मोती जड होतो.

इतके करूनही दुखत राहिले तर बिचाऱ्या सॅडलवर खापर फोडण्याआधी ते कसे बसवले आहे ते पाहावे. ते फार उंच असले तर पाय खाली पोचवण्यासाठी कंबर दर फेरीला डावीउजवीकडे डोलते आणि कातडे घासून सोलवटते. उंचीसाठी ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूच्या नावाने रूढ झालेले एक सूत्र आहे: पायाची आतल्या बाजूची लांबी जमिनीपासून मोजावी, तिला ०.८८३ ने गुणावे आणि येईल तितके अंतर, पेडलचे दोन्ही दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंत ठेवावे. लांबी ८० सेंटिमीटर असेल तर हे अंतर सुमारे ७०.६ येते. सुरुवात करायला हा आकडा चांगला आहे; पुढे चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे करून पाहावे लागतेच. कलाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. नाक वर असले की दाब येतो, म्हणून माणूस ते खाली झुकवतो. फार झुकवले की तो पुढे घसरू लागतो, घसरू नये म्हणून हातांनी स्वतःला मागे रेटतो, आणि आठवड्याभरात मनगटांची आणि खांद्यांची तक्रार घेऊन ग्लोव्ह्ज शोधत फिरतो. सॅडलवर एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक आडवे ठेवून त्यावर फोनमधली पातळी पाहिली की हा कल कळतो. आधी सपाट ठेवावे, मग एकेक अंशाने झुकवावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. उंची, कल आणि पुढेमागे सरकवणे हे तिन्ही एकाच दिवशी केले तर कशाने बरे वाटले हे देवालाही सांगता येणार नाही.

मिलिमीटरचा हा छंद अतिरेकी वाटत असेल तर बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स आठवावा. १९६९ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या ब्लुआ येथील ट्रॅकवर झालेल्या अपघातात त्याच्या पाठीला आणि कंबरेला जबर मार बसला, आणि त्यानंतर सॅडलवर पूर्वीसारखे सुख त्याला कधी मिळाले नाही. शर्यत चालू असतानाही तो पाना काढून सॅडलची उंची बदलत असे. त्याच अवस्थेत त्याने टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत आणखी चार वेळा जिंकली आणि १९७२ मध्ये मेक्सिकोत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विश्वविक्रम केला.

कपड्यांविषयी एवढेच, की गादी शिवलेली सायकलची शॉर्ट्स थेट कातड्यावर घालायची असते; आत दुसरे काही घातले की त्याच्या शिवणी घासतात आणि गादीचा उपयोगच उरत नाही. शॉर्ट्स स्वस्त घेऊन सॅडल महाग घेण्यापेक्षा उलटे केलेले बरे.

नव्या सॅडलला दोन-तीन आठवडे द्यावेत, कारण हाडांवरचे मांसही हळूहळू सरावते. सुरुवातीला त्या दोन हाडांपाशी ठणकणे हे सरावाचे दुखणे असते आणि ते ओसरते. बधिरपणाला मात्र हा न्याय लावू नये. तो सरावाने जाण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्या क्षणी पेडलवर उभे राहावे, घरी आल्यावर सॅडल किंवा त्याचा कल बदलावा, आणि उतरल्यावरही तो बराच वेळ टिकत असेल तर लाज गुंडाळून डॉक्टरांकडे जावे, मग ते जावई असले तरी चालेल. काही दुकाने चाचणीसाठी सॅडल देतात किंवा ठरावीक दिवसांत परत घेतात. अंगठ्याने दाबून विकणाऱ्या दुकानापेक्षा मी अशा दुकानात दोन पैसे जास्त द्यायला तयार असतो.

आणि एवढ्या खटाटोपानंतर एखादे सॅडल जमलेच, तर त्याचे मॉडेल नेमके पुढच्या वर्षी बंद होते. कंपन्यांना दर मोसमात काही नवे दाखवावे लागते आणि फोमही कधीतरी दबून चपटा होतोच. म्हणून जमलेल्या सॅडलची दुसरी प्रत विकत घेऊन कपाटात ठेवणारी माणसे असतात. घरच्यांना हा वेडेपणा वाटतो. मला तो शुद्ध व्यवहार वाटतो. फक्त जुने काढण्यापूर्वी त्याची उंची, कल आणि पुढेमागे असण्याची जागा मोजून कागदावर लिहावी आणि तो कागद नव्याच्या खोक्यातच ठेवावा.