पावती पुस्तकाची लगतची दोन पानं

गेल्या मे महिन्यातल्या एका आठवडे बाजारात मी एका भाजीवाल्या मावशींना ५,००० रुपयांचा दंड केला. गोणपाटावर मेथीच्या जुड्या, दोन टोपल्या वांगी, मिरची आणि थोडी कोथिंबीर. सगळा माल हातोहात खपला असता तरी हजार-बाराशेच्या वर गल्ला गेला नसता. पायाशी विटेखाली दाबून ठेवलेली पन्नीची, म्हणजे पातळ प्लास्टिक पिशव्यांची, गड्डी होती. तराजूत टाकली तर पाव किलोही भरली नसती.

मी जळगाव जिल्ह्यात, गिरणाकाठच्या एका नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक आहे. राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची. तेव्हापासून पावती पुस्तक माझ्या पिशवीत असतं. पहिल्या गुन्ह्याला ५,०००, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. १०० किंवा ५०० रुपये लिहायला त्या पावतीवर जागाच नाही. विकणारा गोणपाटावर बसलेला आहे की गादीवर, हेही कायदा विचारत नाही.

त्या आठवड्यात वरून आकडा मागितला होता. महिनाअखेर, पावसाळ्याची तयारी, आणि आमच्या पुस्तकात फक्त दोन पावत्या. शिवाय त्याच महिन्यात एका गायीचं मी डोळ्यांनी पाहिलेलं मनातून जात नव्हतं. उकिरड्यावर चरणारी, पोट नगाऱ्यासारखं फुगलेली गाय. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी तिची डावी कूस उघडून कोपरापर्यंत हात घातला आणि पन्न्यांचा, सुतळीचा, चिंध्यांचा घट्ट वळलेला गोळा बाहेर काढला. टोपली भरली. त्यात एका पिशवीची गाठ अजून तशीच होती. शेवभाजीचं पार्सल बांधतात तशी गच्च गाठ, आत तेलाचा लाल डाग. गाय तो वास घेते आणि पिशवीसकट गिळते. तो डाग पाहिल्यापासून पन्नी दिसली की माझं डोकं फिरायचं. त्याच डोक्यानं मी बाजारात उतरलो होतो.

"भाऊ, पन्नी नही दिधी ते गिऱ्हाईक दुसराकडे जास. मी काय करू?" मावशी म्हणाल्या.

मी नियम सांगितला. त्यांनी हात जोडले नाहीत, रडल्याही नाहीत. शेजारच्या गोणपाटावरच्या बाईकडे नुसतं पाहिलं. तिनं कनवटीचा बटवा सोडला, मग तिच्या पलीकडचीनं, मग समोरच्या कांदेवालीनं. दहा-दहाच्या, वीस-वीसच्या नोटा, घामानं ओल्या, काहींना हळदीचा वास. सहा बायांनी मिळून पाच हजार केले. आमचे मुकादम आप्पा पैसे मोजत होते आणि मी पावती फाडत होतो. पावती घेताना मावशी एवढंच बोलल्या, "जो आमले इकस, त्याले धर ना भाऊ."

जो आम्हाला विकतो, त्याला धर.

रात्री झोप आली नाही. त्यांचं म्हणणं कायद्याच्या अंगानंही खरं होतं. बंदी काही फक्त वापरावर नाही. उत्पादन, साठवण, वाहतूक, घाऊक विक्री सगळ्यावर आहे. आमच्या पावत्या मात्र नेहमी साखळीच्या शेवटच्या कडीला, कारण ती उन्हात उघड्यावर बसलेली असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मी आणि आप्पा भाजीच्या लिलावाच्या कट्ट्यावर जाऊन थांबलो. गणवेश नाही, गाडी लांब लावलेली. लिलाव सुरू व्हायच्या आधीच एक पोरगा स्कूटीवर आला. डिकीत आणि पायांच्या मधल्या थैलीत पन्नीच्या गड्ड्या. दहा मिनिटांत त्यानं पंधरा-वीस जणांना माल दिला. पोराला आम्ही हात लावला नाही. त्याच्या मागं गेलो.

गोदाम वस्तीतच निघालं. शटर अर्धं उघडं, आत गोण्या छतापर्यंत. पंचांना बोलावून मोजल्या तेव्हा ११ गोण्या भरल्या, २७० किलोच्या वर. माल बाहेरच्या राज्यातून आलेला, बिलावर फक्त 'पॅकिंग मटेरियल'. गड्डीवर १२० मायक्रॉन जाडीचं स्टिकर; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

"साहेब, १२० ची चालते. दिल्लीचाच नियम आहे," मालक म्हणाला.

नियम आहे, ते खरं. केंद्रानं ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगवर बंदी घातली. पण आपल्या राज्यात हँडलची असो की बिनहँडलची, प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर २०१८ पासूनच बंदी आहे, जाडी कितीही असली तरी. आणि ही पिशवी १२० ची तर मुळीच नव्हती. मी जाडी मोजायचा गेज काढला. पिशवी सपाट धरून जबड्यात दिली, काटा ३८ वर थांबला. हे दोन पदर झाले. बरेच दुकानदार असेच दोन पदर मोजून दाखवतात. मग पिशवीचं तोंड उघडून एकच पदर धरला. १९. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉनचा असतो; ही पन्नी केसाच्या निम्मीही नव्हती. म्हणूनच ती वाऱ्यानं उडते, बाभळीच्या काट्याला लटकते, नाल्याच्या जाळीवर थर धरते. भंगारवालाही ती उचलत नाही, कारण किलो भरायला असल्या तीनएकशे पिशव्या वेचाव्या लागतात. प्रत्येक पिशवीवर उत्पादकाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी छापलेली हवी, असा २०१६ पासूनचा नियम आहे. स्टिकर गड्डीवर होतं. पिशव्या कोऱ्या होत्या.

पंचनामा झाला. आप्पा हळूच म्हणाले, मागच्या वर्षीही हेच गोदाम धरलं होतं. मी जुनं पुस्तक मागवलं. पावती होती, पण भावाच्या नावानं. या खेपेला परवाना दुसऱ्या भावाच्या नावाचा. म्हणजे कागदावर हा पहिलाच गुन्हा.

५,००० रुपये.

मालकानं गल्ल्यातून दहा नोटा काढून टेबलावर ठेवल्या, फोनवर बोलता बोलता. मी पान उलटलं. आदल्या पानाच्या कार्बन प्रतीवर मावशींचं नाव, खाली माझीच सही. ह्या पानावर ह्याचं नाव. आकडा तोच, अक्षर तेच. एक पाव किलोचा, एक पावणेतीनशे किलोचा. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझी सही मला एवढी जड कधीच झाली नव्हती. कायदा मोडणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे असं मी मानतो, आजही मानतो. पण त्या दिवशी त्या दोन पानांपैकी फक्त एकावर शिक्षा झाली होती.

माल जप्त करून मी कार्यालयात आलो आणि प्रस्ताव लिहायला बसलो. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ खाली आता १०,००० ते १५ लाखांपर्यंत दंड करता येतो, पण तो अधिकार माझ्या पावती पुस्तकाला नाही. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत वर जावं लागतं. पंचनामा, वजनाची नोंद, गेजचे फोटो, बिलाची प्रत, जुन्या पावतीची प्रत, दोन्ही भावांचा पत्ता एकच असल्याचा घरपट्टीचा उतारा, सगळं जोडलं. उतारा शोधायला आप्पा दोन तास दप्तरात धुळीत बसले होते. संध्याकाळी फाइल स्वतःच्या हातानं आवक-जावकला दिली आणि पोच घेतली.

त्यानंतर पहाटेचा कट्टा मी सोडलेला नाही. आठवड्यातून तीनदा तरी जातो. स्कूटीवाला पोरगा दिसत नाही. मात्र परवा एका चहाच्या टपरीच्या फळीखाली दोन किलो पन्नी सापडली, तशीच कोरी, तशीच कुरकुरीत.

मावशी हल्ली मेथीची जुडी केळीच्या सोपटानं बांधतात आणि पानात गुंडाळून देतात. मिरचीला रद्दीचा पुडा. गिऱ्हाईक कमी झालं का, असं मी एकदा विचारलं. "झायं," म्हणाल्या आणि तराजूकडे वळल्या. त्या सहा जणींचे पैसे फिटायला आषाढ उजाडला, हे मला आप्पांकडून कळलं.

दर बाजारी मी त्यांच्या गोणपाटासमोरून जातो. त्या मान वर करतात आणि एकच विचारतात.

"भाऊ, त्या गोदामवालानं काय व्हयनं?"

"नोटीस गेली आहे मावशी. सुनावणी व्हायची आहे अजून," मी सांगतो.

"बरं," त्या म्हणतात, "पुढला बाजारले इचारसू."