आलेखाचा खालचा अर्धा भाग

गोव्यातल्या वाळपईकडच्या त्या बाई मराठी प्राथमिक शाळेत शिकवतात. दोन वर्षं दम्याचे पंप, मधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या; चेहरा सुजलेला, साखर वाढलेली. धापेचं खापर कधी काजूच्या मोहरावर, कधी सत्तरी तालुक्याच्या पावसावर. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एवढंच: 'दमा, स्पायरोमेट्री.' म्हणजे फुंकून करायची श्वासाची तपासणी.

मी टेक्निशियन. नाकाला क्लिप, ओठ घट्ट, "फुंका बाई, फुंका, अजून, अजून!" हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. पण त्यानंतर तितक्याच जोराने श्वास आत ओढायला लावायचा असतो, आणि नेमकं तेच पुष्कळ ठिकाणी गाळतात. आकडे मिळाले की काम झालं! आलेखाकडे बघतो कोण?

आलेखात वरची रेघ बाहेर सोडलेल्या श्वासाच्या वेगाची, खालची आत ओढलेल्या श्वासाच्या. दम्यात वरची रेघ टोक गाठते आणि उतरताना आत खचते. बाईंच्या रेघेला टोकच नव्हतं. वर सपाट, श्वास आत घेताना खालीही तितकीच सपाट. चौकोनी डबा जणू. जोर कमी पडला तरी आलेख बिघडतो, म्हणून पुन्हा पुन्हा करून घेतलं. रेघेवर रेघ बसली. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे चार पफ देऊन पंधरा मिनिटं थांबले, तरी फरक नाही. पहिल्या सेकंदात १७०० मिलिलीटर, कमाल वेग मिनिटाला १३० लिटर. भागाकार १३. तो १०च्या वर गेला की अडथळा मोठ्या नळीत असल्याचा संशय घ्यायचा.

रिपोर्ट मी स्वतः घेऊन गेले. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीवरून उचलून गळ्यावर ठेवला. शिट्टी तिथे जास्त मोठी. एक्स-रे साफ होता. सीटीत मात्र श्वासनलिकेत गाठ, वाट उरलेली जेमतेम ६ मिलिमीटर. साधारण ८पर्यंत येईस्तोवर चढावरही धाप जाणवत नाही, म्हणून हे दुखणं इतकं लपतं. बायोप्सीच्या वेळी भूलतज्ज्ञ आणि रिजिड ब्रॉन्कोस्कोप (श्वासनलिकेत घालायची ताठ नळी) तयार ठेवले होते, कारण थोडं रक्त आलं तरी तेवढी वाट बंद होऊ शकते.

निदान झालं अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. एरवी लाळग्रंथींत होणारा, सावकाश वाढणारा, तंबाखूशी संबंध नसलेला कॅन्सर. तेवढा भाग कापून नळीची टोकं जोडली. कापलेल्या कडेला कॅन्सरच्या पेशी सापडल्या, म्हणून आता रेडिएशन चालू आहे.

बाईंच्या फायलीत दुसरीकडचा एक जुना रिपोर्ट होता. आलेख फक्त वरचा अर्धा, आणि तोही सपाट. शेरा: 'मध्यम दमा'. तेव्हा गाठ केवढी होती? कडा साफ निघाल्या असत्या का? त्या कागदावर सही आहे, म्हणजे कुणीतरी तो पाहिला होता.