रेक्याविकची ऊर्जाशाळा: भाच्याकडे नऊ दिवस

पहिल्या दिवशी आंघोळ करून आल्यावर बायकोने पाय पुढे केला. "अहो, हे बघा काय झालं." पायातली चांदीची जोडवी काळी पडली होती. बाथरूममध्ये उकडलेल्या अंड्याचा वास कोंडला होता. भाचा ओंकार दारात उभा राहून हसत होता. "मामी, सांगायचं राहिलंच. इथलं गरम पाणी गीझरचं नाही, जमिनीतलं आहे. त्यात गंधक असतं."

तेव्हा आइसलँडला येणाऱ्यांना पहिली सूचना: चांदी घरी ठेवून या. आमची जोडवी टूथपेस्टने घासल्यावर निघाली, पण रोज घासायला कोणाला वेळ आहे? प्यायला मात्र थंड नळाचंच पाणी घ्या. ते झऱ्याचं असतं, उत्तम असतं. बाटल्या विकत घेणारा पाहुणा लगेच ओळखू येतो.

ओंकार रेक्याविक विद्यापीठाच्या आइसलँड स्कूल ऑफ एनर्जीत एमएस्सी करतोय. "पोरगं एवढ्या लांब जाऊन नक्की काय शिकतंय ते बघून ये," असं ताईने मला बजावलं होतं. माझी नोकरी सगळी वीज खात्यात, शेवटची बरीच वर्षं पोफळीला, कोयनेच्या भूमिगत वीजघरात. त्यामुळे तिचा विश्वास माझ्यावर, आणि माझी उत्सुकता वेगळीच.

व्हिसाचं आधी सांगतो, कारण आमचं तिथेच अडलं होतं. आइसलँड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे, म्हणून पाहुण्यांना शेंगेन व्हिसा लागतो. आम्ही एका एजंटवर विसंबलो. त्याने विम्याचा कागद चुकीच्या तारखांचा जोडला आणि पासपोर्ट हातात पडले ते विमानाच्या दोन दिवस आधी. बायकोने त्या आठवड्यात घरातले सगळे देव पाण्यात ठेवले होते. तुम्ही दीड-दोन महिने हातात ठेवा, आणि जोडलेला प्रत्येक कागद स्वतः वाचा. विद्यार्थ्यांचं प्रकरण वेगळं आहे. त्यांना निवास परवाना लागतो, आणि ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होणार असतील तर त्याचे कागद उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच जावे लागतात. प्रवेशाचं पत्र आलं की त्याच आठवड्यात कामाला लागायचं.

भारतातून थेट विमान नाही. लंडन, फ्रँकफर्ट, कोपनहेगन, हेलसिंकी, कुठेतरी बदलावंच लागतं. केफ्लाविक विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटर आहे, आणि बस थेट शहरात आणून सोडते. वाटेत दोन्ही बाजूंना काळा लाव्हा आणि त्यावर शेवाळ. मला जांभ्याच्या सड्याची आठवण आली, फक्त रंग उलटा. याच रेक्यानेस द्वीपकल्पावर 2023 च्या डिसेंबरपासून पुन:पुन्हा ज्वालामुखी फुटतोय. 8 फेब्रुवारी 2024 ला लाव्हा वाहत येऊन स्वार्तसेंगी वीजकेंद्रातून येणाऱ्या गरम पाण्याच्या मोठ्या वाहिनीवर चढला आणि ऐन थंडीत पंचवीस हजारांहून जास्त माणसांच्या घरातली ऊब गेली. निघण्याआधी तिथली स्थिती बघून घ्या. विमानं सहसा चालू असतात, आसपासचे रस्ते बंद असू शकतात.

आता शाळा. विद्यापीठाची इमारत नाउथोल्सविक नावाच्या खाडीवर आहे. मागे ओस्क्युहलीद टेकडी, झाडीत ससे, शेजारी देशांतर्गत विमानतळ. मधल्या मोठ्या दालनाचं नाव सूर्य, आणि त्यातून निघणाऱ्या पाखांना ग्रहांची नावं. "मामा, माझा वर्ग शुक्रावर आहे," हे ओंकारने तीनदा सांगितलं. ऊर्जेचा विभाग म्हणजे या मोठ्या घरातली एक खोली. वर्ग एका लांब टेबलाभोवती मावेल एवढा, आणि त्यात निम्म्या जगाची पोरं. सगळं इंग्रजीत. शिक्षकांना नुसत्या नावाने हाक मारतात. मी दोन दिवस 'सर, सर' करत होतो, शेवटी एका बाईंनीच हसून थांबवलं. इथे बहुतेकांना आडनाव नसतं. नावापुढे वडिलांचं किंवा आईचं नाव, की झालं. मी म्हटलं, आम्ही तेच मधे लिहितो आणि वर आडनावही ठेवतो.

शाळेचा इतिहास फार जुना नाही. 2008 च्या सुमारास शहराच्या ऊर्जा कंपनीने दोन विद्यापीठांबरोबर एक छोटी पदव्युत्तर शाळा काढली, तिचंच हे पुढचं रूप. त्याच सुमारास उत्तरेला अकुरेरी गावात नवीकरणीय ऊर्जेचीच आणखी एक छोटी शाळा निघाली होती, ती काही वर्षांतच बंद पडली. यातून पालकांनी एकच गोष्ट घ्यावी. अशा लहान शाळेत मुलाला घालताना पदवीच्या कागदावर नाव कोणाचं येणार ते आधी विचारा. इथे विद्यापीठाचं येतं, म्हणून ताईला मी निर्धास्त राहायला सांगितलं. विद्यापीठ खासगी आहे, फी चांगलीच आहे, आणि फीपेक्षा जास्त घाम खोली शोधताना फुटतो. विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षायादी लांब असते. प्रवेश पक्का होण्याची वाट न बघता तिथे नाव घालून ठेवा. पोचल्यावर 'केन्निताला' नावाचा ओळख क्रमांक मिळेपर्यंत ना बँक खातं, ना इतर काही धड सुरू होतं, म्हणून पहिल्या दोन महिन्यांचे पैसे कार्डावर हवेत. रोख नोट मी नऊ दिवसांत पाहिलीसुद्धा नाही.

शिकवतात काय? जलविद्युत, वारा, अर्थकारण, सगळं आहे. पण खरा कस भूऔष्णिक ऊर्जेत, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेवर. देशाची वीज साधारण सत्तर टक्के पाण्यावर आणि उरलेली जवळजवळ सगळी वाफेवर होते. दहातली नऊ घरं जमिनीतल्या गरम पाण्याने ऊबदार राहतात. ज्याला सौर ऊर्जेत काम करायचंय त्याने इथे येऊ नये, असं माझं स्पष्ट मत. डिसेंबरात जिथे जेमतेम चार तास दिवस असतो तिथे सौर पॅनेल शिकायला कशाला यायचं? त्यासाठी आपलं धुळं-साक्री बरं.

एक दुपार आम्ही पेर्लानला चढलो. टेकडीवर गरम पाण्याच्या प्रचंड टाक्या आहेत, एकेकीत चाळीस लाख लिटर, आणि त्यांच्यावरच 1991 मध्ये काचेचा घुमट बांधलाय. आपल्याकडे पाण्याच्या टाकीवर फार तर उमेदवाराचं नाव रंगवतात. तिथून शहर दिसतं आणि एकाही घरावर धुराडं धूर सोडताना दिसत नाही. शंभर वर्षांपूर्वी हेच शहर बाहेरून आणलेल्या कोळशावर शेकत होतं आणि वर धुराचा पडदा असायचा. लाउगार्दालुरच्या गरम झऱ्यांवर बायका धुणं घेऊन चालत जायच्या. त्या वाटेचा आज मुख्य बाजाररस्ता झालाय आणि त्याचं नाव अजून लाउगावेगुर, म्हणजे झऱ्यांची वाट. 1930 मध्ये त्याच झऱ्यांचं पाणी तीनेक किलोमीटर नळाने आणून एक शाळा, एक इस्पितळ आणि काही घरं गरम केली, तिथून सुरुवात. पुढे 1973 चं तेलसंकट आल्यावर सरकारने मनावर घेतलं. विहीर खोदून कोरडी निघाली तर खोदाईचं कर्ज माफ करण्याची सोय होती. ओंकार म्हणाला, "मामा, अख्ख्या सत्रात मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटली. यंत्र कोणीही विकत घेतं. पहिल्या फसलेल्या विहिरीचा खर्च कोण सोसणार, तेच अडतं."

हेलिशेइदी वीजकेंद्र शहरापासून अर्ध्या तासावर आहे. शहर बसने तिथे नीट पोचता येत नाही. आम्ही गाडी भाड्याने घेतली. गाडी घेणाऱ्यांनी ऐकून ठेवा: दार उघडताना दोन्ही हातांनी धरायचं. वारा दार उलटं फिरवतो, आणि ते नुकसान बहुतेक विम्यांत बसत नाही. छत्री आणू नका, कोकणी माणसाला हे पटायला दोन छत्र्या मोडाव्या लागतात. वेदूर म्हणजे हवामान, त्याच नावाची तिथल्या हवामान खात्याची साईट रोज सकाळी बघायची. पिवळा इशारा असेल तर घाट चढायचाच नाही.

केंद्रात तिकीट काढून प्रदर्शन बघता येतं आणि काचेतून यंत्रगृह दिसतं. पंचेचाळीस मेगावॉटचे सहा संच आणि कमी दाबाच्या वाफेवरचा एक तेहतीसचा, एकूण 303. कोयनेच्या 1,960 पुढे हे लहान, पण हे रात्रंदिवस चालतं, पावसाची वाट बघत नाही. मी त्या काचेशी अर्धा तास उभा होतो. बायको कॉफी पिऊन आली तरी मी तिथेच.

पुढे एका टेबलावर दगडाचा गोल तुकडा ठेवलाय, विहिरीतून काढलेला, मनगटाएवढा जाड. काळा कातळ, आणि त्यातल्या भोकांत पांढरे स्फटिक बसलेले. मी हात लावला आणि म्हटलं, "ही तर गारगोटी." पोफळीच्या बोगद्यात अशा दगडांची रास असायची. आमच्या क्वार्टर्समधल्या प्रत्येक शोकेसमध्ये एकदोन असायच्याच.

पण हा पांढरा भाग निसर्गाने एकट्याने केलेला नव्हता. वाफेबरोबर येणारा कार्बन डायऑक्साइड इथे पाण्यात विरघळवतात, सोड्याच्या बाटलीसारखा, आणि ते पाणी परत कातळात सोडतात. कातळातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह त्यात उतरतं आणि त्याचा दगड बनतो. हजारो वर्षं लागतील असं वाटलं होतं. 2016 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की पंचाण्णव टक्के वायूचा दोन वर्षांच्या आतच दगड झाला. माझं डोकं लगेच घराकडे. सह्याद्री म्हणजे सगळा कातळच की! ओंकारने थंडपणे उत्तर दिलं. "मामा, गारगोटी म्हणजे भरलेलं छिद्र. यांचा कातळ नवा आहे, भोकं रिकामी आहेत. आपला साडेसहा कोटी वर्षांचा. त्याने बरीच भोकं आधीच भरून ठेवलीत. कुठे जागा उरलीय ते मोजल्याशिवाय बोलता येत नाही." मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. पोरगं फीचे पैसे वसूल करतंय.

केंद्राच्या आवारात हवेतून थेट कार्बन ओढणारे पंख्यांचे डबेही आहेत, 2021 चे, वर्षाला चार हजार टनांच्या क्षमतेचे. लोक त्यांच्यापुढे फोटो काढतात. पाचशे मेगावॉटचा कोळशाचा एक संच पूर्ण भाराने चालला तर तेवढा वायू सोडायला त्याला दिवसही लागत नाही. मी फोटो काढला नाही.

परतताना ओंकारने आणखी एक गोष्ट सांगितली. 2011 च्या ऑक्टोबरात इथे वापरलेलं पाणी जमिनीत परत सोडताना भूकंप झाले, चारच्या आसपास तीव्रतेचे, आणि डोंगरापलीकडच्या क्वेरागेर्दी गावातले लोक चिडले. कंपनीने मग पाणी सोडायची पद्धत बदलली, लोकांना आधी कळवायला लागले. हे वर्गात उदाहरण म्हणून शिकवतात, लपवत नाहीत. मी गप्प झालो. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयना धरणाजवळ मोठा भूकंप झाला, तेव्हा मी लहान होतो. आई आम्हाला ओढत अंगणात घेऊन आली होती. पाणी आणि कातळ यांचं नातं काय असतं, ते कोयनेच्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. गाडीत मी ते सांगितलं, तेव्हा ओंकारने वही काढली. मामाचं बोलणं त्याने पहिल्यांदाच लिहून घेतलं असेल.

क्वेरागेर्दीला जेवायला थांबा. काचघरांत टोमॅटो पिकतात, जमिनीच्या उष्णतेवर भाजलेली गोडसर राईची भाकर मिळते, आणि तिथल्या उद्यानात गरम कुंडात अंडं उकडून खाता येतं. शाकाहारी मंडळींनी स्कीर नावाचं घट्ट दही आणि ही भाकर यांच्यावर दिवस काढायचा. बाकी घरी स्वयंपाक. गुलाबी डुकराचं चित्र असलेलं बोनस हे दुकान स्वस्त, तूरडाळ मात्र बॅगेतून आणा. हॉटेलात दोघांचं एक जेवण झालं की आठवडाभर खिचडी गोड लागते.

पोहण्याचे तलाव चुकवू नका, सगळं गाव संध्याकाळी तिथे गरम कुंडात बसलेलं असतं. फक्त पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांदेखत, अंगावर एकही कपडा न ठेवता, साबणाने आंघोळ करावी लागते. भिंतीवर कुठे कुठे घासायचं त्याचं चित्रच आहे. मी पहिल्या दिवशी चड्डीवर गेलो आणि एका म्हाताऱ्याने बोटाने परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याच म्हाताऱ्याशेजारी कुंडात बसून मी त्याला तुरळ-राजवाडीच्या उन्हाळ्यांबद्दल, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांबद्दल सांगत होतो. कोकणात ज्वालामुखी नाही, तरी मुंबई-गोवा रस्त्याला लागून कढत पाणी निघतं, आणि दापोलीकडे उन्हवऱ्याला तर त्यात हात धरवत नाही. त्याने विचारलं, "मग त्याचं तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "आंघोळ." तो म्हणाला, "आम्हीपण हजार वर्षं तेवढंच केलं."

ज्यांना दोन वर्षं आणि एवढी फी जमणार नाही, पण जे भूगर्भ किंवा वीज क्षेत्रात आधीच नोकरीत आहेत, त्यांच्यासाठी याच शहरात 1979 पासून भूऔष्णिक ऊर्जेचा सहा महिन्यांचा प्रशिक्षणक्रम चालतो. पूर्वी तो संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाच्या नावाने होता, आता युनेस्कोच्या छत्राखाली. शिष्यवृत्ती मिळते, मात्र नाव आपल्या संस्थेने सुचवावं लागतं. माझ्या नोकरीच्या काळात हे कोणी सांगितलं असतं तर मी साहेबांच्या दारात बसलो असतो.

निघताना ओंकारने प्रबंधाचा विषय सांगितला: कोकणातल्या उन्हाळ्यांचं पाणी किती खोलातून येत असेल. नमुने घ्यायला तो मेमध्ये येतोय. मी तुरळच्या ओळखीच्या गुरवाला फोन करून ठेवलाय, आणि ताईला बाटल्या धुऊन ठेवायला सांगितल्यात.