बाई, कार्ड नसेल तर मत द्यायचंच नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी निवृत्त झाले तरी निवडणूक लागली की हा प्रश्न मला हमखास येतो. गिरणीत दळण टाकताना येतो, लग्नाच्या पंगतीत येतो. "बाई, यादीत नाव आहे, माणूस समोर उभा आहे, आणि फोटोचं ओळखपत्र नाही म्हणून त्याला परत पाठवायचं, हे बरोबर आहे का?" न्यू जर्सीतल्या भाचीचा प्रश्न उलटा असतो. "मावशी, इथं बहुतेकांना कार्ड विचारतच नाहीत, सही केली की झालं. हे बरं, की आपलं बरं?"

सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागात मी शाळेवर होते आणि १९९९ पासून २०१९ पर्यंत निवडणुकीची ड्यूटी करत आले. बहुतेक वेळा मतदान अधिकारी क्रमांक एक. यादीची चिन्हांकित प्रत माझ्यापुढं असायची. आलेल्याचं नाव मोठ्यानं वाचायचं, तो तोच आहे का बघायचं, मत द्यायला सोडलं की नावाखाली रेघ मारायची, बाई असेल तर नावापाशी बरोबरची खूणही करायची. त्या टेबलावर जे बघितलं त्यावरून माझं मत झालंय.

आधी १९९९ चं सांगते. लोकसभा आणि विधानसभा एकाच दिवशी होती, पांढरी मतपत्रिका लोकसभेची, गुलाबी विधानसभेची. तेव्हा यादीत फोटो नव्हते. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेब, त्यांनी १९९३ मध्ये ओळखपत्रं काढायला लावली होती, पण आमच्याकडं ती निम्म्या लोकांनाही मिळाली नव्हती. दुपारी चारच्या सुमारास एक विशीतला मुलगा आला. पुण्यात कंपनीत कामाला होता, आयुष्यातलं पहिलं मत द्यायला रात्रीच्या एसटीनं आला होता. मी यादीत बोट नेलं आणि थांबले. त्याच्या नावाखाली आधीच रेघ होती. सकाळच्या गर्दीत कुणीतरी त्याच्या नावाची चिठ्ठी घेऊन येऊन गेलं होतं, आणि त्याच्या नावाखालची ती रेघ मीच मारलेली होती.

त्यानं दोन्ही हात पुढं केले. बोटाला शाईचा ठिपकाही नव्हता. केंद्राध्यक्षांनी बापाचं नाव, घर, वय विचारलं, खात्री करून घेतली आणि नियमाप्रमाणं त्याला प्रदत्त मतपत्रिका दिल्या. अशी मतपत्रिका पेटीत टाकत नाहीत, वेगळ्या पाकिटात ठेवतात. मुलानं पाकिटाकडं बघून विचारलं, "हे मोजतात ना?" आमच्या साहेबांनी खरं ते सांगितलं. कुणी निवडणुकीविरुद्ध न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं मागवलं, तरच ते पाकीट उघडतं. मुलगा काही बोलला नाही. बाहेर जाऊन शाळेच्या पायरीवर बराच वेळ बसला होता.

म्हणून कुणी मला म्हणालं की बोगस मतदान ही नुसती ओरड आहे, तर मला तो मुलगा आठवतो. आपल्याकडं बोटाला शाई १९६२ पासून लावतात. एकाच माणसानं दोनदा मत देऊ नये याला ती चांगली. पण माझ्या नावावर दुसऱ्यानं मत देऊ नये, याला शाई काय करणार? तिथं चेहराच लागतो.

चेहऱ्याचं आणखी एक आहे, आणि ते शहरातल्या लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. फोटो नव्हते तेव्हा माणूस ओळखायचं कोण? मी परगावची, मला कुणीच माहीत नसायचं. ओळखायचे ते भिंतीला लागून बसलेले पक्षांचे एजंट. मी नाव वाचायची, एजंट मान हलवायचे, माणूस पुढं सरकायचा. गावात ज्याची उठबस त्याला काही अडचण नव्हती. गावाबाहेर पालं टाकून राहणाऱ्यांचं मात्र सगळं त्या मानेवर होतं.

२००४ ची विधानसभा होती. अशाच वस्तीतली एक बाई आली, कडेवर पोर. एका एजंटानं हात वर केला. "ही ती नव्हं. ह्या बाईला मी कधी बघितलीच नाही." मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घ्यायचा तर एजंटाला दोन रुपये भरावे लागतात. त्यानं ते खिशातून काढून टेबलावर ठेवले. खोलीत सगळे गप्प झाले. बाईनं पोर खाली ठेवलं, कमरेची चंची सोडली, तिच्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं आणि त्या दोन रुपयांच्या शेजारी ठेवलं. काळा-पांढरा फोटो, कडेला पाणी लागून फुगलेला, पण नाक, कपाळावरचं गोंदण, सगळं स्पष्ट होतं. केंद्राध्यक्षांनी फोटो बघितला, बाईकडं बघितलं आणि आक्षेप फेटाळला. दोन रुपये सरकारजमा झाले. मत देऊन परत जाताना तिनं कार्ड पुन्हा त्याच पिशवीत गुंडाळलं, तीन वेढे देऊन.

मतदानाला फोटो असावा असं मी म्हणते ते बोगस मतदारासाठी म्हणते, आणि त्याहून जास्त या बाईसाठी म्हणते. ती कोण आहे हे सांगायला गावातल्या कुणाच्या होकाराची तिला गरज पडली नाही.

आता २०१९ चं ऐका, म्हणजे माझं उत्तर एवढ्यावर का संपत नाही ते कळेल.

२०१४ च्या लोकसभेला आयोगानं घरोघर वाटलेली फोटोची मतदार चिठ्ठी ओळख म्हणून चालली होती. २०१९ च्या निवडणुकीच्या तोंडावर ती बंद केली. त्या चिठ्ठीवर सुरक्षेची कसली खूण नसते, हे कारण मला पटण्यासारखं होतं. चिठ्ठीवर ठळक छापलंही होतं की ही ओळखीचा पुरावा म्हणून चालणार नाही. पण वाचता येत असेल तर ना!

२३ एप्रिल. डोळ्यांपुढं अंधारी यावी असं ऊन. अडीच किलोमीटरवरच्या वस्तीवरून एक आजी चालत आल्या. अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलणाऱ्या. हातात तीच चिठ्ठी, घडी घालून घालून मऊ झालेली. मी म्हटलं, "आज्जी, दुसरं काही आणलंय का? आधार, पासबुक?" त्या म्हणाल्या, "मागल्या बारीला ह्योच कागुद दावला हुता की." चिठ्ठीवर त्यांचा फोटो होता. माझ्यापुढच्या यादीत तोच फोटो होता. आणि समोर त्या उभ्या होत्या, पदरानं घाम पुसत. मला तसूभर शंका नव्हती. केंद्राध्यक्षांनाही नव्हती. पण नियम स्पष्ट होता आणि एजंट बघत होते. मी त्यांना पाणी दिलं, सावलीत बसवलं, घरून पासबुक घेऊन या म्हणून सांगितलं. त्या "बरं बाई" म्हणून उठल्या.

मी सहापर्यंत दाराकडं बघत होते. त्या आल्या नाहीत. संध्याकाळी पाकिटं सील करताना मी ते पान उघडून बघितलं. त्यांच्या नावाखाली रेघ नव्हती.

भाचीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं मला इंडियानाची गोष्ट सांगितली. त्या राज्यानं २००५ मध्ये फोटो ओळखपत्राचा कायदा केला. एप्रिल २००८ च्या अखेरीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. पुढच्याच आठवड्यात, मे महिन्यात पक्षाचा उमेदवार ठरवायच्या प्राथमिक निवडणुकीत, साउथ बेंडमधल्या एका मठातल्या दहा-बारा वृद्ध नन मत द्यायला गेल्या. काहींचं वय ऐंशी-नव्वदीच्या घरातलं. गाडी चालवत नाहीत म्हणून लायसन्स नाही. कुणाकडं पासपोर्ट होता, पण मुदत संपलेला. त्यांना परत पाठवावं लागलं, आणि परत पाठवणारी टेबलावरची कर्मचारी त्यांच्याच मठातली नन होती. ती गोष्ट ऐकल्यापासून मी त्या बाईचा विचार फार करते. तिनंही शेजारणींना ओळखलं असणारच.

तिकडचा वाद मला जेवढा समजला तो असा. सगळ्या देशासाठी एक कार्ड नाही, बहुतेकांची ओळख म्हणजे गाडीचं लायसन्स. मग कुठलं कार्ड चालेल हे ठरवणाऱ्याच्या हातात बरंच काही जातं. टेक्सासनं २०११ मध्ये केलेल्या कायद्यात शस्त्र बाळगण्याचा परवाना चालत होता, विद्यापीठाचं ओळखपत्र चालत नव्हतं. असली यादी बघितली की लोकांना संशय येणार, आणि यावाच.

आपली यादी मला त्या मानानं मोठ्या मनाची वाटते. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट तर चालतातच, पण मनरेगाचं जॉब कार्ड चालतं, बँकेचं नाहीतर पोस्टाचं फोटोचं पासबुक चालतं, फोटो असलेला पेन्शनचा कागद चालतो, दिव्यांगांचं कार्ड चालतं. कार्डावरच्या नावात काना-मात्रेची चूक असेल आणि माणूस ओळखू येत असेल, तर चुकीकडं बघू नका अशी आम्हाला सूचना असायची. खडी फोडणाऱ्या बाईचं जॉब कार्ड मी हातात घेतलंय आणि तिला पुढं सोडलंय. ही यादी आणखी आखूड करा असं कुणी म्हणालं, तर मी त्याच्या विरोधात उभी राहीन. आणि २०१९ सारखा बदल करायचाच असेल तर तो वस्तीवस्तीवर जाऊन तोंडी सांगितला पाहिजे. छापून भागत नाही.

पण खरं सांगू का, वीस वर्षांत ओळखीच्या कागदावरून मी परत पाठवलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यांच्या कितीतरी पट माणसं कार्ड हातात घेऊन आली आणि यादीत नाव नाही म्हणून गेली. कार्ड खरं, फोटो त्यांचाच, मागच्या वेळी मत दिलेलं, आणि आता नाव कापलेलं. अशा माणसाला कुठलाच अधिकारी मत द्यायला सोडू शकत नाही. लोक आधार नाचवून भांडतात. आधार फक्त चेहरा सांगतो, मत यादीतल्या नावाला असतं.

आमच्या भागात ही नावं कशी जातात ते मी शेजारी राहून बघितलंय. १ जानेवारीच्या हिशेबानं यादी दुरुस्त करायची म्हणून दिवाळीच्या आगेमागे बीएलओ, म्हणजे त्या केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी, घरोघर फिरतो. नेमकं तेव्हाच ऊसतोडीला जाणारी कुटुंबं कोयता बांधून कारखान्याकडं गेलेली असतात. दाराला कुलूप. बीएलओ एकदा येतो, दोनदा येतो, मग वहीत "स्थलांतरित" लिहितो. तोही आमच्यासारखाच मास्तर, शाळा सांभाळून हे करणारा, त्याला तरी किती बोल लावायचा? हरकतीसाठी नोटीस निघते, ती बंद दाराला चिकटते. घरची माणसं गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतात तोवर यादी पक्की झालेली असते.

फोटो ओळखपत्र हवं की नको यावर तासन् तास बोलणारी माणसं मी टीव्हीवर बघते. हवंच. पण ज्या हिरिरीनं कार्ड मागता, त्याच हिरिरीनं त्या कुलपापर्यंत जा, असं मला त्यांना सांगायचं असतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला अशी चार घरं आहेत. जायच्या आदल्या दिवशी त्या बायका माझ्याकडं येतात, मी प्रत्येकीच्या कार्डाचा नंबर आणि मुकादमाचा फोन वहीत लिहून घेते. बीएलओ आला की मला हाक मारतो. मी चप्पल घालून त्याच्याबरोबर जाते आणि त्या चारही कुलपांपुढं उभी राहून त्याला सांगते, ही माणसं कुठं गेली नाहीत, उसाला गेलीत, पाडव्याला येतील. मग मुकादमाला फोन लावते आणि त्यांच्याशी बोलून घ्या म्हणून फोन त्याच्या हातात देते.