धातुकाच्या पुडीतील रेषा

ग्रॅफाइटच्या कांडीतील खळग्यात तांब्याच्या धातुकाची चिमूटभर पूड भरून मी विद्युतज्योत पेटवली, तेव्हा वर्णपटात, म्हणजे ज्योतीचा प्रकाश रंगांत विभागल्यावर मिळणाऱ्या पट्ट्यात, जिथे प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रेषा उमटवते, सर्वांत आधी नजरेत भरली ती सोडियमची ५८९ नॅनोमीटरजवळची पिवळी जोडरेषा; ती बहुधा माझ्याच बोटांच्या घामाची खूण असावी. तांब्याच्या ५१०.६, ५१५.३ आणि ५२१.८ नॅनोमीटरच्या हिरव्या रेषा त्यानंतर दिसल्या. एकाच रेषेवर विसंबणे धोक्याचे असते, कारण लोखंडाच्या हजारो रेषांपैकी एखादी नेमकी हव्या त्या जागेजवळ येऊन फसवते. म्हणून एकाच मूलद्रव्याच्या दोन-तीन रेषा जुळल्याखेरीज मी ते मूलद्रव्य असल्याची नोंद करीत नाही. गंमत अशी, की लोखंडाची हीच गर्दी तरंगलांबी मोजण्याची पट्टी म्हणूनही वापरली जाते.

१८६३ मध्ये जर्मनीतील फ्रायबर्ग येथे रसायनशास्त्रज्ञ फर्डिनंड राइश जस्ताच्या धातुकात थॅलियम हे मूलद्रव्य शोधत होते. मात्र त्यांना रंगांधत्व असल्याने वर्णपट पाहण्याचे काम थिओडोर रिश्टर यांनी केले आणि त्यांना कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी न जुळणारी गडद निळी रेषा आढळली. तिच्या नीळसर (इंडिगो) रंगावरूनच त्या नव्या मूलद्रव्याला इंडियम हे नाव पडले. रेषेच्या तीव्रतेवरून प्रमाणही काढता येते, पण त्यासाठी घटकांचे प्रमाण आधीच ठाऊक असलेले नमुने त्याच ज्योतीत जाळून पाहावेच लागतात.