वाळलेला पोंगा आणि माझी घाई

थेऊरजवळच्या आमच्या एकरभर शेतात मी ‘सुरू’ हंगामातील, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस लावायचा, ऊस लावला होता, आणि दीड महिन्याच्या पिकात ठिकठिकाणी पोंगे, म्हणजे रोपाच्या मधले कोवळे शेंडे, वाळू लागले, तेव्हा ही खोड पोखरणारी पतंगाची अळी, खोडकीडच असणार असे गृहीत धरून मी पुण्याहून ट्रायकोकार्डे आणली. या कार्डावर तांदळातील पतंगाची सुमारे २०,००० अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांच्या आत ट्रायकोग्रामा हा दुसऱ्या किडींच्या अंड्यांवर जगणारा परोपजीवी कीटक वाढत असतो. तो गांधीलमाशीचा दूरचा नातलग असला तरी मिलिमीटरभरही लांब नसतो, आणि माणसाला डंख मारत नाही, हे घरच्यांना दोनदा सांगावे लागले. पहिली कार्डे घरातील लग्नाच्या गडबडीत कपाटातच राहिली. चार दिवसांनी पाहतो तो पिशवीत काळी धूळ चालत होती.

दुसऱ्या वेळी मात्र कार्डाच्या पट्ट्या कापून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूस टाचल्या आणि कीटकनाशकाने ट्रायकोग्रामाही मरतो म्हणून फवारणी पूर्ण बंद ठेवली. तरीही पोंगे वाळतच राहिले. शेजारच्या शेतातील काकांनी एकच प्रश्न केला, "पोंगा ओढून बघितलास का?" खोडकिडीचा पोंगा सहज उपटून येतो आणि त्याला कुजका वास असतो, माझा हलेना. बेणे उकरले, तर लागणीला पुरलेली उसाची कांडी, म्हणजे टिपरी, आतून पोकळ, मातीने भरलेली आणि वाळवीने वळवळणारी निघाली.

ट्रायकोग्रामाची मादी पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते, त्यामुळे अळी जन्मण्याआधीच संपते; पण जमिनीखाली राजा-राणीसह वसाहत करून राहणाऱ्या, वारुळात बुरशीची शेती करणाऱ्या वाळवीपुढे तिचे काहीच चालत नाही. शिवाय वाळवीला आमंत्रण मीच दिले होते. लागणीपूर्वी टाकलेले शेणखत अर्धे कच्चे होते, आणि कालव्याचे आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, लांबल्याने हलकी जमीन तीन आठवडे कोरडी राहिली होती.

पुढे पाणी दिले, किडींना रोग आणून मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीची पावडर पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून सऱ्यांत टाकली आणि मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागी नवी रोपे लावून नांग्या भरल्या. फवारणी मात्र टाळलीच, कारण नांग्या भरताना बांधाकडच्या चार सऱ्यांत हात लावताच उपटून आलेले, कुजक्या वासाचे पोंगेही सापडले; म्हणजे तिथे खोडकीडही होती आणि ट्रायकोग्रामा हवाच होता.