क्विल्ट भिंतीवर चढवताना

ब्लॅक हिस्टरी मंथनिमित्त मुलीच्या हायस्कूलने इथल्या, न्यू जर्सीतल्या लायब्ररीत मुलांचं चित्रप्रदर्शन भरवलं. मांडणीचं काम आम्हा काही पालकांकडे आलं. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी फेब्रुवारीतला एक आठवडा निवडला, कारण लिंकन आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस दोघांचे वाढदिवस त्यातच येतात. पन्नास वर्षांनी त्याचा महिना झाला.

आर्टच्या टीचरनी मुलांना आधीच बजावलं होतं, थोर माणसांची पोर्ट्रेट्स नकोत. अमेरिकेच्या दक्षिणेतून आपल्या घरचं कोण आलं, कधी, कशासाठी, ते विचारून या. १९१० ते १९७० या काळात साठेक लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून निघाले. जॉर्जिया, कॅरोलायनाकडचे पुष्कळ जण न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरात उतरले, त्यामुळे वर्गातल्या बऱ्याच घरांत गोष्ट तयारच होती. चित्रकार जेकब लॉरेन्सने याच स्थलांतरावर १९४०-४१ मध्ये साठ चित्रं केली. सगळे फलक एकत्र मांडून तो एकेक रंग सगळ्यांवर फिरवत जाई. मुलांनीही तसंच केलं. म्हणून इतक्या वेगवेगळ्या हातांची चित्रं एका भिंतीवर भांडली नाहीत.

चित्रं टांगणं सोपं. पालकांच्या सह्या गोळा करणं, लेबलांवर फक्त पहिलं नाव ठेवणं, गोंदाने वाकलेले कोलाज जाड पुस्तकांखाली दाबून ठेवणं, वेळ यात जातो. आणि लेबलांच्या मजकुरात. एका मुलाने लिहिलं होतं, ‘पणजोबा रात्री निघाले. दिवसा मालकाने जाऊ दिलं नसतं.’ आयोजकांपैकी एकांना हे ‘जरा सौम्य’ हवं होतं. टीचर हटल्या नाहीत, आणि मला ते शंभर टक्के पटलं. ते वाक्य काढलं असतं तर त्याच्या चित्रात नुसती आगगाडी उरली असती.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो क्विल्टवर. एका मुलीच्या आजीने जुन्या कामाच्या पँटींची, आपल्या गोधडीसारखी जाड क्विल्ट दिली होती. तिला खिळे किंवा चिमटे लावायचे नाहीत. मागच्या बाजूला वर कापडाची लांब नळी शिवायची, टाका पुढे दिसू द्यायचा नाही, मग नळीतून दांडा घालायचा. वजन सगळीकडे सारखं पडतं. खिडकीसमोर तर अजिबात नाही, उन्हाने रंग उडतो.

आजी शेजारी बसून माझे टाके बघत होत्या. अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांच्या अशाच क्विल्ट २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या, तेव्हा त्या बघायला गेल्या होत्या. ‘‘तिथे हात लावू देत नाहीत,’’ त्या म्हणाल्या, ‘‘इथे लावू दे.’’ लायब्ररीवाले तयार नव्हते. शेवटी तोडगा निघाला: उद्‌घाटनाच्या दिवशी आजी स्वतः क्विल्टपाशी उभ्या राहतील आणि ज्याला हवं त्याला कोपरा हातात देतील. पोरांची रांग लागली.

पुढच्या वर्षी कोणी करणार असेल तर घरून आणलेल्या वस्तूंचा फॉर्म डिसेंबरातच भरून घ्या.